मान न हलवता दाखवा : फायनल इयरच्या मुलामुलींना खुलं पत्र

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींनो,

स. न. वि. वि.

सातवं सेमिस्टर सुरू झालं की तुमची काय धावपळ चालते ते मला आता पाठ झालं आहे. ग्रुप पाडायचे, गाईड कोण वाट्याला येतोय ते बघायचं, तीन विषय लिहून द्यायचे, त्यातला एक मंजूर करून आणायचा. त्या तिनांत बऱ्याचदा एक विषय असतोच : 'आय कंट्रोल्ड माउस'. लॅपटॉपच्या साध्या कॅमेऱ्यानं डोळे टिपायचे आणि नजरेनं कर्सर फिरवायचा. पायथॉन ही भाषा, आणि ओपनसीव्ही, मीडियापाइप ही चित्रं तपासायची फुकट सॉफ्टवेअरं. वेगळं हार्डवेअर नको, खर्च नाही आणि डेमो असा की एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षकही खुर्चीत पुढं सरकून बघतात. मग काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरं उमटवलेल्या ब्लॅक बुकात, पहिल्याच प्रकरणात वाक्य येतं : हात-पाय हलवू न शकणाऱ्या दिव्यांग व्यक्तींना हा प्रकल्प वरदान ठरेल.

ती व्यक्ती आमच्या घरी आहे. कराडला, पुढच्या खोलीत, खिडकीशेजारच्या कॉटवर. म्हणून हे पत्र.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते स्टँडभर सांगणारा आवाज वीसेक वर्षं त्यांचा होता. २०२१च्या पावसाळ्यात त्यांच्या हातातून पेन निसटायला लागलं. मोटर न्यूरॉन डिसीज, त्यातला एएलएस. तुम्ही प्राथमिक शाळेत असाल तेव्हा, २०१४ साली, जगभर लोक डोक्यावर बर्फाच्या पाण्याची बादली ओतून घेत होते, तो खटाटोप याच आजारासाठी होता. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी यात हळूहळू मरत जातात. अण्णांचे आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. ऐकू सगळं येतं, कळतं सगळं. डोळे फिरवणारे स्नायू बहुतेक रुग्णांत उशिरापर्यंत टिकतात, तसे त्यांचेही टिकले आहेत. मान मात्र हलत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आधी पुण्यात होतो, आता घरूनच काम करतो. दुसऱ्यानं मन लावून केलेल्या कामात खोट काढायची, हाच माझा पोटापाण्याचा धंदा. तेव्हा पत्रात कुठं टोचलं तर सवयीचा भाग समजा.

गेल्या अडीच वर्षांत तुमच्यातले चार ग्रुप आमच्या घरी येऊन गेले. पहिल्या ग्रुपची मला अजून तारीखवार आठवण आहे, कारण त्या दिवशी आईनं शिरा केला होता. चौघं आली, लॅपटॉप उघडला, त्यातला एक मुलगा खुर्चीत बसला. कर्सर डावीकडं गेला, उजवीकडं गेला, खाली फोल्डरवर आला. मुलानं डोळा मिचकावला, फोल्डर उघडलं. आईनं पदरानं डोळे टिपले. मग लॅपटॉप कॉटवरच्या टेबलावर ठेवला, अण्णांच्या समोर. अण्णा डावीकडं बघतायत, उजवीकडं बघतायत, आणि कर्सर मधल्यामध्ये थरथरतोय. भिंतीवरची पाल हलू की नको करते ना, तसा. मुलं म्हणाली, सर, लाइट कमी आहे. ट्यूब लावली. मग म्हणाली, काकांचा चष्मा काढू या. काढला. मग म्हणाली, कॅमेरा जरा हलका आहे. शिरा खाऊन गेली, पुन्हा येतो म्हणाली.

रात्री मी त्यांचा कोड उघडून बसलो. तुम्हाला तो माहीत असणार, कारण थोड्याफार फरकानं चारही ग्रुपांकडं तोच होता. मीडियापाइप चेहऱ्यावर ४७८ बिंदू शोधून देतं. त्यातले ४७४ ते ४७७ हे एका बुबुळाच्या कडेचे. त्यातला एक घ्यायचा, तो चित्राच्या चौकटीत कुठं आहे ते बघायचं, त्याला स्क्रीनच्या रुंदी-उंचीनं गुणायचं आणि कर्सर तिथं नेऊन ठेवायचा. झालं. अरे, पण यात नजर कुठं आहे? बुबुळ डोळ्याच्या खाचेत कुठल्या बाजूला सरकलंय हे कोणी विचारलेलंच नाही. बुबुळ चौकटीत कुठं आहे एवढंच विचारलंय, आणि ते ठरतं डोकं कुठं आहे त्यावरून. खुर्चीतला मुलगा नकळत मान हलवत होता. नाकाच्या शेंड्याला टिकली लावून तिचा माग काढला असता तरी कर्सर तसाच पळाला असता. तुमच्या डेमोतला 'आय कंट्रोल्ड माउस' हा मानेनं चालणारा माउस आहे. ज्याची मान शाबूत आहे त्याला तो चालतो, आणि ज्याची मान शाबूत आहे त्याला बहुतेकदा तो नको असतो.

बरं, ही चूक दुरुस्त केली तर? डोळ्याचे दोन कोपरे धरून बुबुळ त्यांच्यामध्ये कुठं आहे ते मोजलं तर? दुसऱ्या ग्रुपनं ते केलं, शाबास त्यांची. पण मग खरी गंमत सुरू होते. कागद-पेन्सिल घ्या. साधा ७२०पी वेबकॅम, चेहरा ६० सेंटिमीटरवर. त्या अंतरावर चौकटीत साधारण ७५ सेंटिमीटर रुंदी मावते आणि ती १२८० पिक्सेलांत, म्हणजे चित्राच्या बारीक ठिपक्यांत, उतरते. म्हणजे सेंटिमीटरला सतरा पिक्सेल. बुबुळाचा रंगीत गोल माणसाचा साधारण ११.७ मिलिमीटरचा असतो, तो चित्रात येतो वीस पिक्सेलांचा. डोळ्याच्या गोळ्याची त्रिज्या १२ मिलिमीटर धरा. नजर एक अंश वळली तर बुबुळ सरकतं ०.२ मिलिमीटर, म्हणजे पिक्सेलचा तिसरा हिस्सा. तेवढ्यात नजर स्क्रीनवर एक सेंटिमीटर पुढं गेलेली असते. १५.६ इंची स्क्रीनची रुंदी साडेचौतीस सेंटिमीटर. अण्णांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर नेली तरी बुबुळ तुमच्या चित्रात जेमतेम अकरा पिक्सेल सरकणार.

अकरा पिक्सेल! त्यावर १९२० पिक्सेलांचा कर्सर नाचवायचा. बुबुळ शोधताना एका पिक्सेलची चूक झाली की कर्सर पावणेदोनशे पिक्सेल उडाला. आणि मान दोन बोटं हलली तर बुबुळ पन्नास पिक्सेल सरकतं. म्हणून तुमच्या डेमोत मानेचा आवाज मोठा आणि डोळ्याची कुजबुज ऐकूच येत नाही.

महाग यंत्रांना हे कसं जमतं? त्यांच्यात अवरक्त दिवे असतात. त्या दिव्याचा ठिपका डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर चमकतो, आणि त्या उजेडात मधली बाहुली भोवतीच्या भागापासून स्वच्छ वेगळी दिसते. ठिपका आणि बाहुली यांच्यातलं अंतर मोजायचं. अर्ध्या अंशापर्यंत अचूकता मिळते, खोलीत अंधार असला तरी चालतं. साध्या उजेडात आपल्या लोकांच्या गडद तपकिरी बुबुळात काळी बाहुली कुठं सुरू होते हे वेबकॅमला काय, डोळ्यांच्या डॉक्टरांनाही टॉर्च लावल्याशिवाय नीट दिसत नाही. ते यंत्र घ्यायची आमची ऐपत असती तर मी तुमच्या वाटेला गेलोच नसतो, हेही खरं.

तुमच्या लिटरेचर सर्व्हेत, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्यात, ज्यांची नावं असतात त्यांचे आकडे एकदा नीट वाचा. ब्राउन विद्यापीठातून २०१६ साली वेबगेझर आलं, ब्राउझरमध्ये चालणारं, वेबकॅमनं नजर टिपणारं सॉफ्टवेअर. त्याची चूक साधारण चार अंशांची, म्हणजे लॅपटॉपवर चार सेंटिमीटर. शिवाय ते शिकतं कशावरून? तुम्ही जिथं क्लिक करता तिथंच बघत असणार, या गृहीतावरून. सुंदर कल्पना आहे. पण ज्याला क्लिकच करता येत नाही त्याच्याकडून ते शिकणार काय? त्याच वर्षी एमआयटी आणि तिच्या सोबतच्या संशोधकांनी १४५०हून जास्त लोकांचे फोन-टॅबवरचे चेहरे जमवले, जवळपास २५ लाख चित्रं, आणि फोनवर १.७१ सेंटिमीटरपर्यंत चूक खाली आणली. २०२०मध्ये गूगलच्या लोकांनी त्यांच्याच 'पिक्सेल' नावाच्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर, माणसागणिक कॅलिब्रेशन करून, म्हणजे त्या त्या माणसाच्या डोळ्यांशी मोजमाप जुळवून, ०.४६ सेंटिमीटर गाठलं. म्हणजे साध्या कॅमेऱ्यानं हे होतच नाही असं नाही. २०२४मध्ये आयओएस १८सोबत आयफोनमध्येही पुढच्या कॅमेऱ्यानं नजर टिपायची सोय आली. माझ्या चुलतभावाच्या फोनवर अण्णांना लावून बघितली, बऱ्यापैकी चालली. पण तो भाऊ आणि त्याचा फोन दोघंही दिवाळीपुरते आले होते.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणी वाटली ती दोन कामं, आणि दोन्हींत कर्सर नाही. २०१७ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक ॲप केलं. समोरच्या माणसानं फोन धरायचा, मागच्या कॅमेऱ्यातून रुग्णाचे डोळे बघायचे, आणि वर, खाली, डावीकडं, उजवीकडं एवढंच ओळखायचं. अक्षरांचे गट त्या त्या दिशेला. गूगलचं २०२०च्या डिसेंबरमधलं 'लुक टू स्पीक' तर आणखी साधं : डावीकडं किंवा उजवीकडं बघून वाक्य निवडा, वर बघून रद्द करा. ज्यांच्याकडं पैसा, माणसं, वेळ सगळं आहे त्यांनी आपली हाव कमी केली, दिशा मोजल्या. आणि तुम्ही दोन सेमिस्टरमध्ये, त्यातलं एक प्लेसमेंटमध्ये जाणार हे माहीत असताना, माउस फिरवायला निघता. का? कारण माउस दिसतो. चार खणांची स्क्रीन व्हायवाला, तोंडी परीक्षेत, कोणाला दाखवणार?

स्टीफन हॉकिंगचं पण सांगून टाकतो, कारण चारपैकी तीन सिनॉप्सिसवर त्यांचा फोटो होता. हॉकिंग डोळ्यांनी टाइप करत नव्हते. चष्म्याला बसवलेला एक सेन्सर त्यांच्या गालाची हालचाल टिपायचा. त्यांच्यासाठी इंटेलनं केलेलं सॉफ्टवेअर २०१५ साली सगळ्यांना खुलं झालं, तेही चाळून बघा. अण्णांचा गाल हलत असता तर एवढं पत्र लिहावं लागलं नसतं.

आता डोळा मिचकावून क्लिक करण्याबद्दल. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, तुम्ही हे वाचताना लववताय. यातली मुद्दामची कुठली आणि आपोआपची कुठली? तुम्ही म्हणाल, जास्त वेळ मिटली तर मुद्दामची. ठीक. अण्णांची पापणी आता पूर्ण मिटतच नाही. दिवसातून चारदा डोळ्यांत थेंब घालावे लागतात, आणि थेंब घातल्यावर दहा मिनिटं डोळा असा चकाकतो की तुमचे बिंदू बुबुळ सोडून भुवईवर जाऊन बसतात. मग दुसरा उपाय : एका जागी ठरावीक वेळ बघितलं की क्लिक. हा बरा. पण यात भस्मासुराची भानगड आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवील ते भस्म, तसं जिथं बघाल तिथं क्लिक. इंग्रजीत या दुखण्याला मायडास राजाचं नाव देतात, कारण त्यानं हात लावलेलं सगळं सोनं व्हायचं. दोन्ही गोष्टींत वर मागणाराच पस्तावला. डोळा हा मुळात बघायचा अवयव आहे, बोटासारखा दाबायचा नाही. तो सेकंदाला तीन-चार उड्या मारतो, हात लांब करून अंगठ्याचं नख धरलं तर तेवढाच तुकडा त्याला एका वेळी स्वच्छ दिसतो, बाकीचं धूसर. म्हणून वाचायला तरी त्याला फिरावं लागणार. वाचता वाचता चार बटणं दाबली जाणार नाहीत, यासाठी स्क्रीनवर एखादी मोकळी जागा लागते. जिथं बघितलं तरी काही होत नाही अशी.

ही मोकळी जागा चौथ्या ग्रुपनं ठेवली. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण बाकीच्यांची नुसती तक्रार करून भागणार नाही.

तीन मुली होत्या, डिप्लोमाच्या. म्हणजे कागदोपत्री तुमच्याहून कमी शिकलेल्या. पहिल्या दिवशी लॅपटॉप आणलाच नाही. आईशेजारी दोन तास बसून राहिल्या. आईकडं एक ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा आहे, फोटो फ्रेमच्या दुकानातून कापून आणलेला. त्यावर मार्करनं अक्षरं लिहिली आहेत. आई तो पत्रा अण्णांच्या आणि स्वतःच्या मध्ये धरते, अण्णा अक्षराकडं बघतात, आई पलीकडून त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत पत्रा सरकवते. डोळ्याला डोळा भिडला की मधलं अक्षर ते. जगभर असे पत्रे वापरतात, आईला ते माहीत नव्हतं, तिनं फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून केला. पण अक्षरं कशी मांडायची हे तिचं तिनं ठरवलं. ती अंगणवाडीत होती. तिनं वर्णमाला जशी शिकवायची तशीच मांडली : कोपऱ्यात क-वर्ग, मग च-वर्ग, ट, त, प. आधी अण्णा वर्गाकडं बघणार, मग त्यातल्या अक्षराकडं.

मुलींनी ते बघितलं आणि त्यातली एक म्हणाली, काकू, हा तर की-बोर्डच आहे.

खरंच आहे. चार सेंटिमीटर चूक म्हणजे आठ सेंटिमीटरचा खण हवा. लॅपटॉपच्या स्क्रीनवर असे आडवे चार बसतात, उभे दोन. एकूण आठ. आता मोजा : क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग हे पाच, य र ल व सहावा, श ष स ह ळ सातवा, स्वर आणि मात्रा आठवा. इंग्रजी की-बोर्डवरची सव्वीस अक्षरं कशीही विखुरली आहेत, ती आठ खणांत घालायची तर नव्यानं पाठ करावी लागतात. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेप्रमाणे आधीच खणांत लावून ठेवलेली आहे, आणि सत्तरीतल्या माणसाला ती झोपेतही येते. वर अक्षरात 'अ' आयताच असतो, म्हणून 'गरम', 'कळ', 'नको'तला 'न' यांना मात्रेची गरज नाही. मात्रांच्या खणात मात्र गर्दी झाली, तिथं तिसरी पायरी करावी लागली. जोडाक्षरं अजूनही त्रास देतात. 'स्वच्छ' लिहायला अण्णांना एवढा वेळ लागला की तोवर आईनं चादर बदलूनही टाकली होती.

खणांच्या दोन ओळींच्या मधली पट्टी रिकामी ठेवली. अण्णांनी तिला बघून थांबायचं. खालच्या ओळीत नजर नेली की वरची पापणी बुबुळावर उतरते आणि कॅमेऱ्याला निम्मंच दिसतं, हे मुलींना दुसऱ्या दिवशी कळलं. मग त्यांनी लॅपटॉप उंच उचलला, खालची ओळही अण्णांच्या नजरेच्या सरळ रेषेत येईल इतका. अण्णांचा चष्मा दुहेरी भिंगाचा, त्याची रेघ नेमकी बुबुळावरून जायची. जुना लांबचा चष्मा शोधून काढला. दुपारी चारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन एका गालावर येतं, दोन्ही डोळे कॅमेऱ्याला वेगवेगळे दिसतात. म्हणून पडदा आणि समोरून एक टेबललॅम्प. बायपॅपचा, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा मास्क लावला की नाक-तोंड झाकतं आणि चेहऱ्याचे बिंदू नाचायला लागतात, त्यावर त्यांच्याकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नाही. कॅलिब्रेशनला क्लिक नको म्हणून त्यांनी एक पिवळा ठिपका खणाखणातून हळू फिरवला, अण्णांनी फक्त त्याच्याकडं बघायचं. अण्णांना कुशीवर वळवून पुन्हा उताणं केलं की ते परत करावं लागायचं. दिवसाला पाच-सहा वेळा.

यातलं एकही काम अवघड अल्गोरिदमचं नाही. सगळं खोलीत बसल्यावर दिसणारं आहे.

अडीच महिन्यांनी, एका बुधवारी, अण्णांनी पहिला शब्द लिहिला. प-वर्ग, ब. त-वर्ग, द. मग ल. 'बदल'. लॅपटॉप बाईच्या आवाजात म्हणाला, बदल. आई उठली, मी उठलो, आम्ही त्यांची कूस बदलली. अण्णांचे डोळे तापले. पुन्हा पिवळा ठिपका, पुन्हा कॅलिब्रेशन. पुन्हा 'बदल'. मी उशी बदलली. तिसऱ्यांदा त्यांनी ट-वर्गात जाऊन 'ट' लिहिला, मात्रांच्या खणात चुकले, परत आले, आणि तेवढ्यात त्या मुलींतली एक हसायला लागली. टीव्ही! दीड वर्ष आई त्यांची करमणूक व्हावी म्हणून दुपारी एक मालिका लावत होती. त्या माणसाला सह्याद्रीवरच्या बातम्या हव्या होत्या.

ही गोष्ट आणखी एका कारणासाठी सांगितली. तिसऱ्या ग्रुपच्या प्रोग्रॅममध्ये शब्दांचे अंदाज होते, 'ब' लिहिला की 'बरं वाटत नाही', 'बसवा' वगैरे वाक्यं पुढं यायची. वेळ वाचतो, कल्पना वाईट नाही. पण आजारी माणसाच्या तोंडी आपण आजाराचीच वाक्यं घालतो. चार वर्षं घरातले सगळे अण्णांची वाक्यं पुरी करतायत, त्यात मशीनची भर नको. अंदाज देणारच असाल तर आधी त्यांनी स्वतः लिहिलेल्या शब्दांवरून द्या. आता त्या यादीत 'बदल' पहिला आहे.

त्या मुलींच्या व्हायवाला एक्स्टर्नलनी विचारलं म्हणे, यात माउस हलत नाही का? नाही म्हटल्यावर, मग एवढंच? मार्क बरे पडले, फार नाही.

आणि मग जे व्हायचं ते झालं. एक पुण्याला गेली, एक डिग्रीला, तिसरीचं लग्न ठरलं. दिवाळीच्या सुमारास लॅपटॉपनं स्वतःहून अपडेट घेतलं आणि प्रोग्रॅम उघडेना. मी टेस्टर, चूक दाखवणारा. दुरुस्त करायला तीन रात्री लागल्या. कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती हवी हे कुठंच लिहून ठेवलेलं नव्हतं. त्या तीन दिवसांत आई पुन्हा पत्रा घेऊन बसली. तिला पत्र्याचं कौतुक आहे. तो अपडेट मागत नाही, म्हणते.

तर माझं मागणं. हा विषय घेणार असाल तर घ्याच, मी नको म्हणत नाही. पण डेमोच्या वेळी डोकं भिंतीला टेकवा, कपाळावरून ओढणी घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधा, आणि मग दाखवा. व्हायवा घेणाऱ्या सरांनो, मॅडमनो, तुम्हीही वाचत असाल तर एकच प्रश्न विचारा : मान न हलवता दाखव. पंधरा सेकंदांत समजेल. कर्सर सोडून खण करा, दोन असले तरी चालतील, पण दहापैकी नऊ वेळा बरोबर लागणारे. दहावीतल्या मुलाला वाचून चालू करता येईल अशी एक पानभर मराठी चिठ्ठी सोबत द्या. आणि एखाद्या घरी जा. आमच्याच असं नाही. फिजिओथेरपिस्टना विचारा, तुमच्या गावात, शेजारच्या तालुक्यात अशी कॉट सापडेल. विचारपूस करायला आले म्हणून जा, लगेच लॅपटॉप उघडू नका.

आणखी एक आहे, ते लिहू की नको असा विचार करत होतो. तिसऱ्या ग्रुपनं जाताना अण्णांचा व्हिडिओ घेतला आणि मागं करुण संगीत लावून टाकला. मुंबईच्या आत्यानं तो बघितला आणि रडत फोन केला. त्यात अण्णांच्या पोटातली नळी दिसत होती, पांघरूण सरकलेलं होतं. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, अण्णांनाही नाही. त्यांना विचारता येतं हो. वर बघितलं म्हणजे हो, डावीकडं बघितलं म्हणजे नाही. हा कॅमेरा झोपायच्या खोलीत दिवसभर उघडा असतो. आई त्याच खोलीत साडी बदलते, अण्णांचं अंग पुसणं तिथंच होतं. तेव्हा चित्रं लॅपटॉपच्या बाहेर जाता कामा नयेत, आतही साठता कामा नयेत, आणि भिंगावर सरकवायची एक झाकणी असावी. डिप्लोमाच्या मुलींनी आईला टिकलीचं पाकीट दिलं होतं. काम झालं की भिंगावर एक टिकली. तेही चालतं.

या वर्षीचे ग्रुप पडले असतील. कोणाला यायचं असेल तर गाईडमार्फत कळवा, माझा पत्ता कराडच्या दोन-तीन कॉलेजांत आहे. अण्णा सकाळी साडेदहा ते साडेबारा ताजे असतात. मंगळवार आणि शुक्रवारी व्यायाम असतो, त्यानंतर ते थकतात, ते वार सोडून या. येताना लॅपटॉपपेक्षा एक वायर जास्त लांबीची आणा, प्लग कॉटपासून लांब आहे. बायपॅपच्या मास्कवर काही सुचलं असेल तर ते आधी सांगा, त्यासाठी मी सुट्टी टाकीन. आणि बातम्या चालू असतील तर संपेपर्यंत बाहेर बसावं लागेल. चहा मिळेल.

तुमचा,
अण्णांचा मुलगा
कराड